रॉक्सबरीचे पाळक जॉन एलियट

संडे स्कूलच्या वर्गात मिशनकार्याच्या गोष्टी सांगताना आपण बहुधा विल्यम केरीपासून सुरुवात करतो. ते साहजिकच आहे. मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला तो केरींच्या देखरेखीखाली. पण खुद्द केरींनी १७९२ साली मिशनकार्याविषयी जी पुस्तिका लिहिली, तिच्यात आपल्या आधी हे काम करून गेलेल्यांची नावे आदराने दिली आहेत, आणि त्यांत जॉन एलियट हे नाव आहे. पुढे १८१३ साली मुंबईत जे अमेरिकन मिशनरी उतरले, त्यांना पाठविणारे मंडळ १८१० साली ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाले, त्याच प्रांतात हे एलियट जवळजवळ साठ वर्षे राबले होते. म्हणजे आपल्या मंडळ्यांशी त्यांचे नाते दूरचे असले तरी खरे आहे.

एलियट यांचा जन्म १६०४ साली इंग्लंडमधील विडफर्ड या खेड्यात झाला. केंब्रिज विद्यापीठातील जीझस कॉलेजातून १६२२ साली ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी थॉमस हूकर या प्युरिटन पाळकांच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. हूकर यांच्या घरातली प्रार्थना व शिस्त पाहून आपल्या आत्मिक जीवनाला खरी सुरुवात झाली, असे ते पुढे सांगत. त्या काळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चला प्युरिटनांचे बोलणे खपत नव्हते. हूकर यांना देश सोडून हॉलंडला जावे लागले, आणि एलियट १६३१ च्या नोव्हेंबरात लायन नावाच्या जहाजाने बोस्टनला पोचले. पुढच्याच वर्षी शेजारच्या रॉक्सबरी गावच्या मंडळीने त्यांना बोलावले. त्यांची वाग्दत्त वधू हॅना इंग्लंडहून आली, ऑक्टोबर १६३२ मध्ये लग्न झाले, आणि त्यानंतर एलियट यांनी रॉक्सबरी कधी सोडली नाही.

ते गाव कसे होते, हे समजल्याशिवाय पुढची हकीकत नीट समजणार नाही. जंगल तोडून वसविलेली लाकडी घरे, मक्याची शेते, गुरे, डुकरे आणि मध्यभागी सभागृह. १६३५ साली सरकारने असा हुकूम काढला की, सभागृहापासून अर्ध्या मैलापलीकडे कोणी नवे घर बांधू नये. रविवारी दोन लांबलचक उपासना होत, आणि कडाक्याच्या थंडीतही सभागृहात शेकोटी नसे. मतदानाचा हक्क मंडळीच्या पूर्ण सभासद पुरुषांनाच होता. शिक्षणाची आस्था मोठी. पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने शिक्षक ठेवावा, असा कायदा १६४७ साली झाला. आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. नाताळ पाळणाऱ्याला तेथे पाच शिलिंग दंड होता! १६५९ चा तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. नाताळाला पवित्र शास्त्रात आधार नाही आणि त्या दिवशी नुसता धिंगाणा चालतो, असे त्यांचे म्हणणे. नव्या कपड्यांच्या व फराळाच्या गडबडीत गव्हाणीच विसरणाऱ्या आपल्या घरांनी त्यांना फार हसू नये.

हे लोक धर्मस्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडून आले होते, पण ते स्वातंत्र्य दुसऱ्याला देण्यास तयार नव्हते. अ‍ॅन हचिन्सन नावाच्या बाई आपल्या घरी स्त्रिया जमवून रविवारच्या उपदेशावर चर्चा करीत. पाळकांच्या शिकवणीवर त्यांनी टीका केली, तेव्हा १६३७ साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांना वसाहतीबाहेर घालविण्यात आले. त्या खटल्यात बाईंच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्या पाळकांत एलियटही होते. त्यांच्या चरित्राचे हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपल्या काळाच्या आणि आपल्या लोकांच्या समजुतींत तेही मुरलेले होते. त्यांतून एका बाबतीत ते बाहेर पडले, तेही हळूहळू.

ती बाब म्हणजे त्या भूमीचे मूळ रहिवासी. कोलंबसाने चुकून ठेवलेले इंडियन हे नाव त्यांना चिकटले. बोस्टनच्या आसपास मॅसॅच्युसेट, निपमक, वाम्पानोआग अशा जमाती राहत. इंग्रज येण्याच्या सुमारास, १६१६ ते १६१९ या काळात, आलेल्या साथीने त्यांची गावेच्या गावे ओस पाडली होती. १६३३ मध्ये देवीची साथ आली. उरलेल्यांच्या जमिनी इंग्रज थोड्याफार मोबदल्यात विकत घेत, आणि इंग्रजांची मोकाट डुकरे व गुरे त्यांच्या कुंपण नसलेल्या मक्यात शिरत. १६३७ मध्ये पीक्वॉट जमातीशी लढाई झाली. त्यांचे एक अख्खे गाव बायकामुलांसह जाळण्यात आले, आणि धरलेले लोक गुलाम म्हणून विकले गेले.

गंमत अशी की, वसाहतीच्या १६२९ च्या शिक्क्यावर एका इंडियनाचे चित्र होते, आणि पौलाला स्वप्नात दिसलेल्या मासेदोनियाच्या माणसाप्रमाणे तो मदतीला बोलावीत आहे असे दाखविले होते. प्रत्यक्षात त्याच्या भाषेत सुवार्ता सांगायला कोणी जाईपर्यंत सतरा वर्षे गेली.

एलियट ही भाषा शिकले कॉकेनो नावाच्या तरुणाकडून. तो लाँग आयलंडचा. पीक्वॉट लढाईत कैद होऊन डॉर्चेस्टरच्या एका इंग्रजाच्या घरी नोकर म्हणून राहिला होता. त्याला इंग्रजी समजत असे, आणि आपल्या भाषेतला शब्द तो तोडून तोडून उच्चारून दाखवी. कैद करून आणलेला मुलगा गुरू आणि केंब्रिजचा पदवीधर त्याचा शिष्य, अशी ती शाळा. भाषेला लिपी नव्हती. शब्द लांबच लांब, एका शब्दात आख्खे वाक्य. नामांचे वर्ग सजीव आणि निर्जीव असे. एक गोष्ट मात्र मराठी माणसाला चटकन उमजेल, जी इंग्रजाला उमजणे कठीण: ऐकणाऱ्याला वगळून आम्ही आणि ऐकणाऱ्याला धरून आपण, असे दोन वेगळे शब्द त्या भाषेतही आहेत.

सप्टेंबर १६४६ मध्ये एलियट प्रथम बोलले तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. २८ ऑक्टोबरला ते नोनॅन्टम येथे वाबान नावाच्या प्रमुखाच्या झोपडीत गेले. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायातील सुक्या हाडांच्या दृष्टान्तावर ते सव्वा तास त्यांच्याच भाषेत बोलले. प्रार्थना मात्र इंग्रजीत केली, कारण प्रार्थनेपुरती भाषा अजून हाती आली नव्हती. मग प्रश्न सुरू झाले. आमच्या भाषेत केलेली प्रार्थना देवाला कळते का? इंग्रज लोकही कधीकाळी आमच्यासारखेच देवाविषयी अजाण होते का? बाप वाईट आणि मुलगा चांगला, तर देव त्या मुलावर रागावेल का? पुढच्या भेटीत एका म्हाताऱ्याने विचारले की, माझ्यासारख्या मरायला टेकलेल्याला आता पश्चात्ताप करायला फार उशीर तर झाला नाही? संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे प्रश्न वर्गात मुलांपुढे मांडून पाहावेत. पुढे काही वर्षांनी एकाने विचारले, की इंग्रज इथे येऊन इतकी वर्षे झाली, मग आम्हाला हे आजवर कोणी का सांगितले नाही? एलियट यांनी त्याबद्दल खेद वाटतो असे कबूल केले. पण त्याबरोबर, तुम्हीही तेव्हा ऐकायला तयार नव्हता, असे एक वाक्य जोडलेच. कबुली पुरी करणे किती अवघड असते ते त्यावरून दिसते.

रॉक्सबरीची मंडळी सांभाळून ते हे काम करीत. घोड्यावरून जंगलातल्या वाटा तुडवायच्या, नद्या उतरायच्या. एका खेपेस तीन दिवस अंगावरचे कपडे सुकले नाहीत, रात्री मोजे पिळून पुन्हा तेच घालावे लागले. घरी हॅनाबाई औषधपाण्यात वाकबगार होत्या, आणि गोरगरिबांना फुकट औषध देत. एलियट यांच्या हातात पैसा टिकत नसे. असे सांगतात की, एकदा मंडळीच्या खजिनदारांनी त्यांचा पगार रुमालात घट्ट गाठी मारून दिला, म्हणजे वाटेत वाटला जाऊ नये. वाटेत ते एका गरीब आजारी कुटुंबाकडे शिरले, गाठी सोडता सोडता दमले, आणि देवाने हे सगळे तुमच्यासाठीच योजलेले दिसते असे म्हणून अख्खा रुमालच त्या बाईच्या हाती दिला.

१६५१ साली चार्ल्स नदीकाठी नेटिक हे गाव वसले. प्रार्थना करणाऱ्या इंडियनांचे हे पहिले मोठे गाव. नदीवरचा ऐंशी फुटांचा पूल त्यांनीच बांधला, सभागृहही बांधले. निर्गमाच्या अठराव्या अध्यायातील मोशेच्या व्यवस्थेप्रमाणे दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर नायक निवडले. गावाच्या जमिनीवर शेजारच्या डेडहम गावाने हक्क सांगितला आणि दावा कित्येक वर्षे चालला. अखेर डेडहमला दुसरीकडे आठ हजार एकर देऊन मिटवावा लागला. ही दुसरीकडची जमीनही अर्थात इंडियनांचीच.

या गावांच्या नियमांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. बायकोला मारणाऱ्याला दंड, आळसाला दंड, हे ठीक. पण पुरुषाने केस लांब ठेवले तर दंड, बाईने केस मोकळे सोडले तर दंड! इंग्रजासारखे राहिल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही, ही समजूत एलियट यांच्या मनात घट्ट होती. इतके बदलूनही त्या लोकांची स्वतंत्र मंडळी स्थापण्यास इंग्रज पाळकांनी वर्षांवर वर्षे लावली. १६५२ आणि १६५४ साली त्यांच्या विश्वासाच्या कबुल्या ऐकल्या, तपासल्या, आणि मंडळी स्थापन झाली ती १६६० मध्ये. ज्यांनी रेव्हरंड टिळकांचे अभंग म्हटले आहेत आणि कीर्तनातून सुवार्ता ऐकली आहे, त्यांना यातले दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र एलियट यांनी इंग्रजीचा आग्रह धरला नाही. त्यांनी अख्खे पवित्र शास्त्र मॅसॅच्युसेट भाषेत उतरविले. नवा करार १६६१ मध्ये आणि संपूर्ण बायबल १६६३ मध्ये छापून झाले. अमेरिकेत छापलेले हे पहिले बायबल. इंग्रजी बायबल तेथे छापले जायला आणखी शतकाहून अधिक काळ लागला. खर्च लंडनच्या एका मंडळाने केला. छापखाना हार्वर्ड कॉलेजच्या आवारात इंडियन विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत होता. भाषांतराला जॉन सॅसॅमन, जोब नेसुटन अशा इंडियन सहकाऱ्यांचे साहाय्य होते. आणि खिळे जुळविणाऱ्यांत एक निपमक तरुण होता, मूळ नाव वावाउस. छापखान्यात वाढल्यामुळे त्याचे नावच जेम्स प्रिंटर पडले. एलियट यांचे नाव सर्वत्र झाले. या जुळाऱ्याचे नाव आपल्या वर्गांतून घेतले जावे असे मला वाटते.

१६७४ पर्यंत अशी चौदा गावे झाली. त्यांत सुमारे अकराशे लोक होते. आणि मग युद्ध आले.

वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज फिलिप म्हणत, जमिनी जात चालल्या आणि अपमान वाढत चालले म्हणून कधीचा धुमसत होता. जॉन सॅसॅमन हा एके काळी त्याचा लेखनिक, पुढे उपदेशक. जानेवारी १६७५ मध्ये त्याने इंग्रज गव्हर्नरला सावध केले, आणि थोड्याच दिवसांत त्याचे प्रेत तळ्याच्या बर्फाखाली सापडले. तिघा वाम्पानोआगांना त्या खुनाबद्दल देहदंड झाला, आणि जूनमध्ये लढाई पेटली. वाबाननेही एप्रिलपासून इंग्रजांना इशारे दिले होते. एलियट यांचा सहकारी जोब नेसुटन जुलैमध्ये इंग्रजांच्या बाजूने लढताना मेला. तरीही गावोगाव इंग्रजांची खात्री अशी की, प्रार्थना करणारा असो वा न करणारा, इंडियन तो इंडियन. ऑगस्टमध्ये कॅप्टन मोझली याने पंधरा ख्रिस्ती इंडियनांना गळ्यात दोर बांधून बोस्टनला आणले. त्यांत जेम्स प्रिंटर होता. जमाव त्यांना ठार मारायला निघाला होता. आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

त्याच ऑगस्टमध्ये एलियट यांनी सरकारला अर्ज केला की, धरलेल्या इंडियनांना परदेशी गुलाम म्हणून विकू नये. तसे करणे म्हणजे युद्ध लांबविणे, आणि ज्यांच्यासाठी ख्रिस्त मरण पावला त्या जिवांना विकणे होय. अर्जाचा काही उपयोग झाला नाही.

३० ऑक्टोबर १६७५ रोजी नेटिक गावात घोडेस्वार व गाड्या आल्या. आवराआवर करायला तास-दोन तास मिळाले. सुमारे दोनशे पुरुष, बायका, मुले निमूटपणे निघाली. कोणी प्रतिकार केला नाही. नदीकाठी बोटी थांबल्या होत्या, आणि भरती यायला मध्यरात्र व्हायची होती. एकाहत्तर वर्षांचे एलियट तेथे जाऊन त्यांच्यात बसले, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, धीर दिला. मग त्यांना बोस्टन बंदरातल्या डिअर बेटावर नेऊन सोडले. बेट सोडील त्याला मरणाची शिक्षा. मालकाची मेंढरे मारायची नाहीत आणि उभी झाडे तोडायची नाहीत. हिवाळा तोंडावर आलेला. इतर गावांतलेही आणले गेले. डिसेंबरपर्यंत तेथे सुमारे पाचशे लोक झाले. वाळूतल्या शिंपल्या व कालवे खाऊन ते राहिले. थंडीने आणि उपासमारीने पुष्कळ मेले. वाबान, ज्याच्या झोपडीत पहिला उपदेश झाला होता, तोही तेथे होता.

हे करणारे लोक रोज दोन वेळा कुटुंबप्रार्थना करणारे, रविवार पाळणारे, बायबल तोंडपाठ असलेले होते. रॉक्सबरीच्या बाकांवर बसणारेही त्यांत असणार. एलियट यांनी आपल्या आयुष्यात ज्यांना आपण या शब्दात धरायला शिकून घेतले होते, त्यांना त्यांची मंडळी अजून आम्ही या शब्दाबाहेरच ठेवीत होती. इंडियनांचे अधीक्षक डॅनियल गूकिन आणि एलियट हे दोघे मात्र बेटावर जात राहिले. दोघांना रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या. १६७६ च्या निवडणुकीत गूकिन यांना मते मिळाली नाहीत आणि त्यांचे पद गेले. एकदा बंदरात एलियट यांच्या होडीवर एक मोठी बोट येऊन आदळली आणि ते बुडता बुडता वाचले. ते बुडाले असते तर बरे झाले असते, असे बोलणारा इसमही निघाला. ही नोंद मंडळीच्या वहीत खुद्द एलियट यांच्या हातची आहे.

मे १६७६ मध्ये उरलेल्यांना बेटावरून परत आणले. याच लोकांतल्या पुरुषांनी वाटाडे व टेहळे होऊन इंग्रजांना लढाई जिंकण्यास हातभार लावला होता. ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याची बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा यांना कैद केले होते, आणि दोघांना गुलाम म्हणून विकण्यात आले असे सांगतात. चौदा गावांपैकी चारच राहिली. बायबलच्या प्रती जळाल्या, फाटल्या.

एलियट बहात्तर वर्षांचे झाले होते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या आवृत्तीचे काम काढले, सगळी मुद्रिते तपासली, आणि १६८५ मध्ये बायबल पुन्हा छापून झाले. जेम्स प्रिंटर युद्धात निपमकांच्या हाती लागला होता आणि शेवटी माफी मिळून परतला होता; तोच पुन्हा खिळ्यांपाशी उभा राहिला. त्याच्याशिवाय हे काम अचूकपणे करणारा दुसरा कोणी नाही, असे एलियट यांनी लंडनला कळविले. गळ्यात दोर बांधून ज्याला बोस्टनच्या रस्त्यातून चालविले, त्याच शहराच्या शेजारी बसून त्याने पवित्र शास्त्र दुसऱ्यांदा जुळविले, याबद्दल त्याच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

हॅनाबाई १६८७ मध्ये वारल्या. मुलांपैकी बहुतेक त्यांच्या आधीच गेली होती. शेवटच्या वर्षांत एलियट घोड्यावर बसू शकत नसत, तेव्हा त्यांनी शेजारच्या गोऱ्या मालकांना विनवले की, तुमचे काळे गुलाम आठवड्यातून एकदा माझ्याकडे पाठवा, मी त्यांना शिकवीन. एका आंधळ्या मुलालाही घरी ठेवून त्यांनी शास्त्रपाठ शिकविले. १६८९ मध्ये त्यांनी पंचाहत्तर एकर जमीन शाळेसाठी दिली. त्या शाळेत इंडियन आणि काळी मुलेही शिकावीत, अशी त्यांची इच्छा होती. मे १६९० मध्ये वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

त्यांनी ज्या भाषेत बायबल आणले ती एकोणिसाव्या शतकात कोणाच्या ओठांवर उरली नाही, आणि हे पुस्तक संग्रहालयाच्या कपाटात गेले; वाचणारे कोणी नाही म्हणून लोक त्याचे उदाहरण देत. परंतु १९९३ च्या सुमारास वाम्पानोआग लोकांनी आपली भाषा पुन्हा बोलती करण्याचे काम हाती घेतले. पूर्वजांनी त्या भाषेत लिहिलेले जमिनीचे कागद व पत्रे, आणि एलियट यांचे बायबल, हीच त्यांची मुख्य साधने. ओळीशी ओळ ताडून शब्द सापडत गेले, आणि जेम्स प्रिंटरच्या हातांनी जुळविलेल्या त्या पानांच्या आधाराने आज त्यांची मुले आपली भाषा शिकत आहेत.